कागदावर नसलेलं

माणसाची ओळख करून द्यावी तर माइकरावांनीच. त्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. शाळेचं बक्षीस वितरण असो, दुकानाचं उद्घाटन असो नाहीतर कुणाचा निरोप समारंभ, माइक यांच्याच हातात. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. नोकरी होती पाणीपुरवठा खात्यात, मीटर वाचायची. तिथं ते दिवसभर स्वतःची ओळख दोन शब्दांत करून देत: "पाणी मीटर!" तेवढ्यावर दार उघडे, कुत्रं बांधलं जाई आणि माइकराव जिन्याखाली वाकून, जळमटं बाजूला सारून आकडा टिपून घेत. संध्याकाळी हाच माणूस इस्त्रीचा कोट चढवून स्टेजवर उभा राहिला की ज्यांच्या घरी सकाळी गेला त्यांनाही ओळखू येत नसे. म्हणायला जोडधंदा, पण जीव सगळा तिथंच.

त्यांची एक खास पद्धत होती. कार्यक्रमाआधी पाहुणा आपल्या पदव्यांचा आणि पदांचा कागद पुढे करी. माइकराव तो घडी घालून खिशात टाकत आणि विंगेत हळूच म्हणत, "हे झालं. आता कागदावर नसलेलं एक काहीतरी सांगा." पाहुणा आधी गडबडे, मग सांगे. कडक शिस्तीचे म्हणून ज्यांचा दरारा होता ते मुख्याध्यापक घरी मोजे विणत बसतात, हे साऱ्या शाळेला माइकरावांमुळे कळलं. मुख्याध्यापक तेव्हा कानापर्यंत लाल झाले, पण नंतर पोरं त्यांच्याशी हसून बोलायला लागली आणि बिचारे सुटले.

अशा माणसावर स्वतःची ओळख करून द्यायची वेळ आली आणि त्यांची पार फजिती झाली.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. ती रोज फोन करून विचारी, "जेवलात?" हे म्हणत, "जेवलो." थोरली बहीण, म्हणजे ताई, हात धुऊन मागे लागली होती की आता पुन्हा लग्न कर. तिनं एक ठिकाण बघितलं, भेट ठरवली. समोरच्या बाईंनी साधं विचारलं, घरी कोण कोण असतं? झालं! माइकरावांनी गेलेल्या बायकोची अशी काही ओळख करून दिली, तिचं हसणं, तिचा राग, तिची गाणं गुणगुणत भांडी घासायची सवय, की बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी कॉफी संपवली, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "त्यांच्या जागी मला नाही बसता येणार." आपण बोललो ते चांगलं जमलं म्हणून माइकराव घरी येईपर्यंत खुशीत होते. कमाल आहे या माणसाची!

म्हणून ताईनं दुसरं ठिकाण बघितलं तेव्हा लेकीनं फोनवर तालीम घेतली.

"तीन वाक्यं, बाबा. काम काय, घरी कोण, जोडधंदा कुठला. चौथं वाक्य नाही. आणि आईचा विषय तर अजिबात काढायचा नाही."

"त्यांनी विचारलं तर?"

"तर म्हणायचं, चार वर्षं झाली. आणि चहा प्यायचा."

ताईनं तिच्या परीनं दम भरला. "मागल्या खेपेला काय दिवे लावलेस ते ठाऊक आहे मला. या वेळी जिभेला लगाम घाल."

खरं सांगायचं तर या वेळी जमावं असं माइकरावांना मनापासून वाटत होतं. संध्याकाळी घराचं कुलूप काढताना ते उगाच खाकरत, आत असलेल्या माणसाला चाहूल लागावी म्हणून. मग आत कुणीच नाही हे आठवे आणि स्वतःचीच लाज वाटे. असं एकट्यानं खाकरत म्हातारं व्हायचं नव्हतं त्यांना.

भेट हॉटेलात ठरली होती, कोपऱ्यातल्या टेबलाशी. ताईनं बघितलेली बाई आधीच येऊन बसली होती. पन्नाशीची, केस आखूड कापलेले, बोटांच्या कडांना पांढरी भुकटी लागलेली. दाताच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये ती काम करते, एवढं ताईनं सांगितलं होतं. चहा आणि टोस्ट आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ती म्हणाली, "तुमच्याबद्दल सांगा ना काही."

माइकराव उभे राहिले. काय करणार, बसून बोलायची सवयच नव्हती. कोटाचं बटण लावलं, घसा साफ केला आणि स्टेजवरच्या आवाजात सुरू झाले. "नमस्कार! मी पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचक आहे. मला एक मुलगी असून ती स्वतःच्या पायावर उभी आहे. फावल्या वेळात मी कार्यक्रमांचं निवेदन करतो. धन्यवाद!"

सगळं हॉटेल माना वळवून बघायला लागलं. पलीकडच्या टेबलावरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. हे निघाले असं वाटून वेटर धावत आला, "बिल आणू?"

"नको नको," म्हणत माइकराव खाली बसले. कान तापले होते. पण तीन वाक्यं झाली होती आणि चौथं आलं नव्हतं. लेक खूश झाली असती.

ती हसू दाबत होती. बसल्या बसल्याच म्हणाली, "मी कवळ्या बनवते. डॉक्टर माप पाठवतात, मी दात बसवते. घरी आई आहे. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे आमचं भांडण सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं. जोडधंदा काही नाही."

माइकरावांनी ठरल्याप्रमाणे चहा प्यायला. टोस्टला हात लावायचं त्यांना सुचलं नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"हे तर तुमच्या ताईंनी फोनवर सांगितलंच होतं. आता कागदावर नसलेलं एक काहीतरी सांगा."

माइकराव दचकले. "हे तुम्हाला कुणी..."

"तुम्हीच. आमच्या लॅबच्या वर्धापनदिनाला, विंगेत. माझा सत्कार होता."

आणि त्यांना लख्ख आठवलं. "दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीची भीती! स्वतः कवळ्या बनवते आणि त्या खुर्चीत बसायला घाबरते!"

"तीच मी. तुम्ही ते माइकवरून जाहीर केलंत. इतका राग आला होता तुमचा! पण तोवर मला तिथं कुणी नावानं हाक मारत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून लोक थांबून बोलायला लागले. ताईंनी तुमचं नाव काढल्यावर म्हणूनच हो म्हणाले. आता तुमची पाळी."

एवढ्या लोकांना हा प्रश्न टाकला, पण तो इतका अवघड असतो हे माइकरावांना त्या दिवशी कळलं. जे काही आठवे त्यात बायको होती आणि तो विषय तर काढायचा नव्हता. ते पुन्हा उभे राहिले. या वेळी स्टेजवरचा आवाज आलाच नाही.

"मी उभ्यानं जेवतो," ते म्हणाले. "ओट्यापाशी, ताट हातात धरून. कधी पातेल्यातूनच. लेक विचारते जेवलात का, मी सांगतो जेवलो. त्यात खोटं काही नाही. टेबल आहे घरी. पण बसलं की समोरची खुर्ची दिसते."

बायकोचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. तरी लेकीची अट मोडलीच होती. मागल्या खेपेसारखं सगळं आपल्याच तोंडानं घालवलं, असं वाटून ते रडायच्या बेतात आले.

तिनं कप खाली ठेवला. पर्स उचलली. माइकराव तिला वाट देण्यासाठी बाजूला सरकले.

तिनं ती पर्स आपल्या खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि टोस्टची बशी त्यांच्याकडे सरकवली.

"आत्ता दिसतेय का?"

"काय?"

"समोरची खुर्ची."

माइकरावांनी बघितलं. समोर ती बसली होती, कोपरं टेबलावर टेकून, उत्तराची वाट बघत.

"नाही," ते म्हणाले.

"मग बसा. गार झालाय टोस्ट, पण खाण्यासारखा आहे."

ते बसले. कोटाचं बटण काढलं. पहिला घास तोंडात गेला तोच खिशातला फोन वाजला. लेकीला धीर धरवत नव्हता.

"बाबा, काय झालं? तीनच वाक्यं बोललात ना? आणि काही खाल्लंत का नाही?"

"खातोय," माइकराव भरल्या तोंडानं म्हणाले. "बसून खातोय."

लेकीला त्यात विशेष काही कळलं नाही. पण बापाचा आवाज वेगळा लागला म्हणून तिनं पुढं काही विचारलं नाही.