दसऱ्याची भरलेली बॅटरी

माझा भाऊ सहदेव बॅटरीवरची मोटार चालवायचा, असं सांगितलं की लोक हसायचे. मोटार म्हणजे पेट्रोल, धूर, भोंगा. ही कसली मुकी मोटार? हसा मेल्यांनो. मुलुंडच्या टेकडीवर क्षयाच्या रोग्यांचं सॅनेटोरियम आहे, तिथं धूर चालत नाही म्हणून ट्रस्टींनी विलायतेहून मुद्दाम मागवलेली गाडी होती ती. स्टेशनावरचा रोगी वर न्यायचा, बरा झालेला खाली आणायचा. बरा न झालेलाही आणायचा, पण ते सहदेव घरी सांगत नसे.

मी त्याची थोरली बहीण, वनमाला. आई गेली तेव्हा हा रांगत होता, मीच वाढवला. माझा नवरा लवकर गेला, तेव्हापासून मी याच्याच बिऱ्हाडात. मला तोंड आहे असं आमच्या चाळीत सगळे म्हणतात. असेल. तोंड नसतं तर या पोराला कुणी जगू दिलं असतं?

गाडीची शेड टेकडीच्या पायथ्याशी होती, कारण विजेची तार तिथवरच आली होती. वर सगळं कंदिलांवर. रात्रभर शेडमध्ये बॅटरी भरायची, सकाळी गाडी भरल्या पोटानं चढ चढायची. वर पोहोचेपर्यंत बॅटरी बरीच उतरलेली असायची. खरी मजा परतीच्या वाटेवर. सहदेव पाय उचलायचा आणि गाडी आपली आपणच धरून धरून उतरायची, जशी पोटुशी बाई जिना उतरते. आणि शिवाय त्यातच बॅटरी थोडी परत भरायची. ‘उतारार गाडी कमावता गो बाय,’ म्हणायचा. पायाचा ब्रेकही होता, पण तो थांबवायच्या वेळेपुरता. उतारभर दाबून ठेवला तर तापायचा आणि मग घसरायचा, म्हणून त्याला हा फारसा पाय लावत नसे. गाडीवर त्याचा फार जीव. बायकोनंतर गाडी, असं मी चिडवायची.

बायको म्हणजे माणिक. गोड पोर. लग्नानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात रक्ताची गुळणी आली. सहदेवानं तिला स्वतःच्याच गाडीतून वर नेऊन सोडलं. मग रोज तो दुसऱ्यांची माणसं घेऊन वर जायचा, ती व्हरांड्यात कठड्याला धरून उभी असायची. जवळ जायचं नाही, लांबूनच बोलायचं. सुया चालू होत्या. आधी ताप सुटला, मग गालावर मांस आलं. एक दिवस डॉक्टर म्हणाले, ‘सहदेव, थुंकी स्वच्छ आली. दसऱ्याला घरी ने, मुहूर्त चांगला आहे.’

त्या दिवशी हा घरी आला तो नाचायचाच बाकी होता. मीही रडून घेतलं. आमच्या घराला आनंदाची सवय नव्हती, काय करायचं ते कळेना.

त्याच वर्षी वरपर्यंत विजेची तार गेली. सॅनेटोरियमचा इलेक्ट्रिशियन मार्तंड करंदीकर, घाटकोपरचा, शिकलेला मुलगा. त्यानं गाडीची एक नवी चार्जिंगची पेटी वरही बसवली, पण अजून कुणी ती वापरली नव्हती. खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा. ज्याचं जे हत्यार, ते धुवायचं, पुजायचं आणि दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. गाडीची पूजा दरवर्षी खाली शेडमध्ये व्हायची. त्या वर्षी सहदेव गाडी वर घेऊन गेला, कारण माणिकला बघायची होती. झेंडूच्या माळा घातल्या, दिव्यांना कुंकू लावलं, नारळ फोडला. रोगीसुद्धा खाटा व्हरांड्यात ओढून बघत बसले. आता पुजलेली गाडी खाली कशी आणायची? ती वरच राहिली.

आणि यानं तिला नव्या पेटीला जोडली. वॉर्डबॉय धोंडू म्हणाला, राहू दे, उद्या उतरायचंच तर आहे, उताराला कशाला पाहिजे बॅटरी? तर सहदेव म्हणाला, ‘सणाच्या दिवशी गाडी उपाशी ठेवू? उद्या माझी माणिक बसतली तिच्यात.’ त्याचं काय चुकलं सांगा. आपण घरातल्या बैलालासुद्धा बेंदराला पोटभर चारतो.

दसऱ्याला सकाळी मी माणिकला आणायला वर गेले. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं. मी दृष्ट काढली, म्हटलं आता परत या वाटेनं यायचं नाही. ती पुढं सहदेवाच्या शेजारी बसली, मी मागं गाठोडं धरून. सगळ्यांनी हात हलवले. बॅटरीचा काटा पार भरलेल्या खुणेवर होता. सहदेवानं मला वळून दाखवला, वर्गात पहिला आलेल्या पोरासारखा.

वरचा भाग सपाटच आहे. मग पहिला उतार लागला. सहदेवानं पाय उचलला. गाडी धरेना.

‘काय झाला?’ माणिक म्हणाली.

‘काय नाय,’ तो म्हणाला, पण त्याची मान ताठ झाली. पायाचा ब्रेक दाबला तशी गाडी जरा आवरली. मग पुन्हा सुटली. पुन्हा दाबला. जळका वास यायला लागला. मी म्हटलं, थांबव ना रे. तो म्हणाला, ‘थांबणा नाय गो बाय.’ इतकंच. ओरडला नाही. माणिकनं त्याच्या दंडाला धरलं, मग त्याला वळण घेता यावं म्हणून सोडलं. ते मी बघितलं. खाणीच्या वळणावर गाडी कातळावर गेली. मी मागं होते, गाठोड्यासकट गवतात पडले. सहदेवाचा पाय चेंगरला. माणिक गेली. तिथल्या तिथं. जिला क्षयानं सोडलं तिला सणानं नेलं. देव तारी त्याला कोण मारी, म्हणतात. ज्यानं ही म्हण केली तो एकदा मला भेटायला हवा.

मग लोकांची तोंडं सुटली. दसऱ्याला ढोसली असणार, म्हणाले. मी एकेकाच्या दारात जाऊन त्यांची वाट लावली. पोलिसांनी अपघात म्हणून मिटवलं. डॉक्टर भला माणूस, त्यानं सहदेवाला कामावर ठेवलं. पाय वाकेना, म्हणून गाडी चालवायची नाही, पण बॅटरी भरायची आणि गाडी निगुतीनं ठेवायची. गाडी दुरुस्त होऊन आली. तिच्यावर दशरथ नावाचा नवा ड्रायव्हर आला. दुष्काळात तेरावा महिना, तसं ट्रस्टींनी शेडच वर हलवली. तार वर आलीच आहे, मग डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर राहू दे, म्हणाले.

सहदेव जगला तो रागावर. त्यानं आपल्या मनाशी एक ठरवलं होतं: वरची लाईन खोटी, पेटी खोटी, काटाही खोटं बोलला. गाडी अर्धपोटी निघाली, तिच्यात धरायची ताकद नव्हती, म्हणून माणिक गेली. रोज संध्याकाळी घरी आला की चहा घेता घेता तो वीजवाल्यांना, पेटीवाल्यांना, ट्रस्टींना असल्या मालवणी शिव्या द्यायचा की शेजारची जयंती खिडकी लावून घ्यायची. मला बरं वाटायचं. शिव्या देणारा माणूस जेवतो, झोपतो, सकाळी उठतो. आपल्या पोराला मी ओळखते.

होळीच्या सुमारास मार्तंड आमच्या घरी आला. मी त्याला पाट दिला, पण तो उभाच राहिला.

‘वनमालाबाई, सहदेव माझं ऐकत नाही,’ म्हणाला. ‘बॅटरी पूर्ण भरू नकोस म्हणून त्याला सांगितलं. मान डोलावतो, आणि माझी पाठ वळली की पुन्हा काठोकाठ भरतो. दशरथ दोनदा घाबरून आला, वळणावर गाडी धरत नाही म्हणतो. कसाबसा दगडाला चाक घासून थांबवतो.’

‘मग भरली तर काय बिघडलं?’

त्यानं सांगितलं. उतारावर चाकंच मोटरीला फिरवतात, मोटर वीज करते आणि ती बॅटरीत ढकलते. ढकलायला जो जोर लागतो, तोच गाडीला धरतो. तोच ब्रेक. बॅटरीत जागा असेल तरच वीज आत जाणार. बॅटरी भरलेली असली की ती घेत नाही, आणि घेत नाही म्हणून गाडी धरत नाही. भरल्या हंड्यात कुणी पाणी ओततं का, म्हणाला.

मी चूल सारवत होते, ते टाकून उठले.

‘म्हणजे दसऱ्याला...’

‘हो. रोज गाडी खाली भरून वर जायची, म्हणून उतरताना जागा असायची. कुणाला कळायचं कारणच नव्हतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा वरून भरून निघाली.’

‘आणि तू कुठं होतास रे तेव्हा?’ मी त्याच्यावर धावलेच. ‘पेटी बसवलीस आणि घाटकोपरला सोनं वाटायला गेलास? एक शब्द सांगून जाता येत नव्हता?’

तो खाली बघून म्हणाला, ‘सांगायला हवं होतं. सण झाल्यावर सांगू म्हटलं.’ त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचीही दया आली आणि स्वतःचा संताप आला.

तो म्हणाला, ट्रस्टींना सांगितलं तर सहदेवाला काढून टाकतील. नाही सांगितलं तर एक दिवस दशरथ जाईल, आणि त्याच्याबरोबर कुणाची तरी बरी झालेली बायको. सहदेवाला खरं कारण सांगितल्याशिवाय तो ऐकणार नाही, आणि ते सांगायची माझी छाती होत नाही.

‘तू नको सांगूस,’ म्हटलं. ‘मी बघते.’

आधी मी खोटंच बोलून पाहिलं. रात्री जेवताना म्हटलं, मार्तंड म्हणतो बॅटरी जास्त भरली तर फुटते हां. सहदेव म्हणाला, ‘फुटूंदे. माणसां तरी वाचतली.’ म्हटलं, डॉक्टरांचा हुकूम आहे. म्हणाला, ‘डॉक्टरची बायल बसणा नाय त्या गाडीत.’ मग भात कालवत म्हणाला, ‘बाय, मी जिता आसय तवर ती गाडी अर्धपोटी जावची नाय. माणिकची शपथ आसा.’ आता अशा माणसाला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेकडी चढून गेले. शेडमध्ये तो एकटाच गाडीचं पितळ पुसत बसला होता. पेटी गुणगुणत होती. बाहेर खाली जायला निघालेली एक बाई ट्रंकेवर बसली होती, तिचा नवरा तिला वारा घालत होता. दशरथ जेवायला गेला होता. तो यायच्या आत मला बोलायलाच हवं होतं.

‘सहदेवा,’ म्हटलं, ‘गाडी उपाशी नव्हती रे.’

त्यानं वर बघितलं. मी मार्तंडानं सांगितलं तसं सगळं सांगितलं, हंड्यासकट. माझं एवढं मोठं तोंड, पण त्या दिवशी शब्द मोजके निघाले. मध्येच थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. तो फडकं हातात धरून ऐकत होता. मला वाटलं उसळेल, मारायला धावेल, मार्तंडाला शिव्या देईल. माझी तयारी होती.

‘त्या दिसा ती खालसून भरून इली असती तर?’ त्यानं विचारलं.

मी दाराबाहेर बघितलं.

‘सांग गो. धरली असती?’

‘धरली असती.’

‘म्हणजे मी रातभर जोडलंय ती...’ बाहेर ट्रंकेवरची बाई कशाला तरी हसली. सहदेव उठला, लंगडत पेटीपाशी गेला आणि खटका खाली केला. गुणगुण थांबली. काट्याकडे बघत म्हणाला, ‘मार्तंडाक विचार, किती जागा ठेवची.’

त्यानंतर गाडी एकदाही सुटली नाही. दशरथ सांगतो, लोण्यासारखी उतरते. सहदेव वेळेवर जातो, वेळेवर येतो, मार्तंडानं आखून दिलेल्या खुणेवर खटका बंद करतो. घरी येऊन चहा पितो आणि भिंतीकडे बघत बसतो. वीजवाल्यांना एक शिवी नाही, ट्रस्टींना नाही, कुणालाच नाही. जयंती आता खिडकी उघडी ठेवते. म्हणते, ‘वनमालाताई, तुमचा भाऊ सावरला हो, किती शांत झाला.’ मी हो म्हणते. तिला काय सांगू, की त्याला रागवायला जगात आता एकच माणूस उरला आहे, आणि त्याला शिव्या देऊन भागत नाही.

परवा राहवलं नाही. त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, मेल्या, मला तरी शिव्या दे. मी सांगितलं नसतं तर तुला कळलं नसतं. दे शिव्या, हात उगार, काहीतरी कर.

त्यानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी ताप आला की बघायचा तसं.

‘तुका कित्याक?’ म्हणाला. ‘तू खरा ताच सांगलंस.’