हेल्मेटवरची करवतीची खूण

मी एक जुनं हेल्मेट आहे, मित्रांनो. डोकं माझं स्वतःचं नाही, पण डोक्याची काळजी मात्र जन्मभर मीच वाहिली. त्यामुळे स्वभाव जरा चिंतातुर झालाय. सांगता सांगता मध्येच घाबरलो तर समजून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बाहेर कडक प्लास्टिकचं कवच, आत पांढऱ्या दाट फोमचा थर, आणि कपाळाला टोचू नये म्हणून मऊ गाद्या. लोकांना वाटतं, माझी ताकद कवचात आहे. तसं नाही हो! मार बसला की आतला फोम चेपतो आणि चेपता चेपता धक्का स्वतःवर घेतो. एकदा चेपलेला फोम पुन्हा फुगत नाही. म्हणजे खरा मोठा मार मी एकदाच खाऊ शकतो. कारखान्यातून निघताना आम्हा सगळ्यांना हे ठाऊक असतं. विकत घेणाऱ्यांना मात्र ते फारसं कुणी सांगत नाही.

मला घेतलं एका आईने. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मागच्या खोलीत यंत्रावर बसून भिंगं घासायची आणि फ्रेमच्या मापाला आणायची. दिवसभर बारीक बघायची सवय, त्यामुळे तिने मला उलटं केलं, सुलटं केलं, पट्टा ओढून पाहिला, आतला मान्यतेचा शिक्का वाचला. दुकानदार पार कंटाळला.

"अहो, हेल्मेट घेताय तुम्ही, जावई नव्हे," तो म्हणाला.

"जावई नाही आवडला तर तोंड फिरवता येतं," आई म्हणाली. "याच्यात माझ्या पोरीचं डोकं जाणार आहे."

पोरगी म्हणजे भिंगरी. खरं नाव काही वेगळं असेल, पण मी ते कधी ऐकलं नाही. सोळा वर्षांची, आणि एका जागी बसायचं म्हटलं की अंगाला मुंग्या येणारी. छोट्या चाकांच्या सायकलवर ती उड्या मारायची. एका जुन्या गोदामात लाकडी रॅम्प उभारले होते. एका रॅम्पवरून वर जायचं, हवेत सायकलसकट गिरकी घ्यायची आणि समोरच्या रॅम्पवर उतरायचं. पहिल्या दिवशी माझी पाचावर धारण बसली. मिटायला पापण्या नाहीत, म्हणून सगळं बघावं लागलं.

आईने मला घेतलं त्याच आठवड्यात दुसरीही एक गोष्ट घेतली, आणि ती माझ्याइतकीच महत्त्वाची होती. तिच्याकडे आरोग्य विमा होता. पण एजंटने सरळ सांगितलं, की असल्या साहसी खेळात हातपाय मोडले तर ही पॉलिसी हात वर करेल. त्यासाठी जोडीला वेगळं विमा-कवच घ्यावं लागतं. त्याच्या अटीही होत्या. सराव कोचच्या देखरेखीखाली हवा, बक्षिसाची स्पर्धा नको, आणि डोक्यावर मान्यतेच्या शिक्क्याचं हेल्मेट हवं. आईने मान डोलावली आणि ते कवच घेतलं.

"काय गं आई, तू माझ्या पडण्याची तयारी करतेस!" भिंगरी हसली.

"पडायची तयारी तू करतेस. मी उचलायची करते."

पुढची दोन-तीन वर्षं मी कौतुकात काढली. माझ्यावर स्टिकर लागले, फोटो निघाले. हालही झाले म्हणा. ओल्या मोज्यांसोबत मला बॅगेत कोंबायचे, आणि एकदा तर एक पाहुणे सोफ्यावर माझ्यावरच बसले. पण गोदामात शिरलं की मी जीव मुठीत धरून काम करायचो. तिथल्या कोचला सगळे दादा म्हणत. दादाचा स्वभाव मऊ, नियम मात्र कडक. पहिला नियम म्हणजे मोबाईल दाराबाहेरच्या पेटीत, कारण कॅमेऱ्यासमोर पोरं नको ते करून बघतात. दुसऱ्या नियमाची मात्र आम्हा हेल्मेटांना धडकी भरायची. ज्या हेल्मेटने मोठा मार खाल्ला, त्याचे लगेच करवतीने दोन तुकडे करायचे. बाहेरून ते धडधाकट दिसतं, मग कुणीतरी उचलतं आणि धाकट्या भावाला देतं. असं एकदा झालं होतं. त्याबद्दल दादा ब्र काढत नसे.

आणि मग तो दिवस आला. उडी छान होती. उतरताना मागचं चाक रॅम्पच्या कडेवरून घसरलं. सायकल तिच्या पायावर आली आणि माझी डावी बाजू लाकडावर आपटली. माझ्या आत काहीतरी कायमचं चेपलं. कवचाला भेग गेली, थेट आतल्या फोमपर्यंत. पण भिंगरी शुद्धीवर होती, बोलत होती. "दादा, पाय... दादा, पाय बघ," एवढंच ती म्हणत राहिली.

गुडघ्याखालच्या हाडाचे तुकडे झाले होते. डॉक्टरांनी बाहेरून सळ्या लावून पाय तात्पुरता धरून ठेवला. खरं ऑपरेशन, हाडाला धातूची पट्टी बसवायचं, सूज उतरल्यावर करायचं होतं. "सूज उतरली की लगेच करायला हवं," डॉक्टर आईला म्हणाले. "लांबवलं तर हाड वाकडं जुळेल. मग ती कायमची लंगडेल."

सळ्या लावायच्या तातडीच्या पहिल्या ऑपरेशनलाच आईचं होतं नव्हतं ते संपलं. दुसऱ्यासाठी विमा कंपनीची मंजुरी आल्याशिवाय हॉस्पिटल तारीख देईना. कंपनीने विचारलं, पडताना हेल्मेट डोक्यावर होतं कशावरून? व्हिडिओ नाही, कारण मोबाईल पेटीत. बघणारा एकटा दादा, आणि कोच काय, आपल्याच पोरांच्या बाजूने बोलणार. तेव्हा हेल्मेट दाखवा, आमची बाई बघायला येईल. भिंगरीचा पाय आता माझ्यावर अवलंबून होता!

मी कुठे होतो? गोदामात, दादाच्या टेबलावर, शिकंज्यात आवळलेला. दादा हॉस्पिटलच्या धावपळीतून परतला होता आणि नियमाप्रमाणे त्याने करवत हातात घेतली होती. आईने त्याला फोनवर फोन केले. पण त्याचा मोबाईल त्याच्याच नियमाने बाहेरच्या पेटीत वाजत होता! पेटीतली गुणगुण मला ऐकू येत होती, मित्रांनो. दादाला करवतीच्या आवाजात काही कळेना. मी किती ओरडलो असेन! पण आमचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

करवत बोटभर आत गेली आणि आई दारातून धावत आली. "थांबा! अहो, थांबा!"

दादाचा हात जागच्या जागी थांबला. आईने धापा टाकत सगळं सांगितलं, तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. करवत नेमकी डाव्या कडेवरून गेली होती आणि आधीच्या भेगेला जाऊन भिडली होती. आता भेग कुठे संपते आणि करवत कुठे सुरू होते, हे बघणाऱ्याला कळणं अवघड होतं.

आईने मला घरी नेलं. बारीक ब्रशने भुसा झाडला, कडा दाबल्या आणि त्या खुणेवर एक पिवळ्या चांदणीचा स्टिकर चिकटवला. इतक्या सफाईने, की खूण दिसेनाशी झाली.

"ताई, हे बरं दिसत नाही," सोबत आलेला दादा म्हणाला.

"तुमचं बरं करून झालंय ना? आता गप्प बसा."

दादा दाराकडे वळला. मला आईचा राग आला नाही.

तपासनीस बाई दुसऱ्या दिवशी वॉर्डात आल्या. खांद्याला पिशवी, पायात सपाट चपला, चेहऱ्यावर ना हसू ना राग. भिंगरी उशीला टेकून होती, पायाभोवती सळ्या. दादा खिडकीपाशी उभा. बाईंनी मला मांडीवर घेतलं आणि सावकाश फिरवलं. त्यांचं बोट चांदणीवर थांबलं.

"बाकीचे स्टिकर झिजलेत. हा कोरा कसा?"

भिंगरीने मान उंचावून पाहिलं.

"अगं आई, ही चांदणी तर माझ्या कपाटावरची!" ती म्हणाली. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं.

आईने चांदणीवर बोट ठेवलं. "मी लावली," ती म्हणाली. "खाली करवतीची खूण आहे. मला वाटलं, ती दिसली तर तुम्ही म्हणाल, भेगही करवतीचीच. माझ्या पोरीचा पाय जाईल हो, मॅडम. मला दुसरं काही सुचलंच नाही."

बाईंनी चांदणी सोलून काढली. "मग ही भेग कशाची?"

"करवत माझी आहे," दादा पुढे आला. "पडलेलं हेल्मेट मी कापतोच. भेग आधीची आहे. पण तुम्ही माझं का ऐकाल?"

"नाहीच ऐकणार," बाई म्हणाल्या आणि माझ्या आतल्या गाद्या एकेक करून काढू लागल्या.

मित्रांनो, तेवढा वेळ मला जन्माएवढा वाटला. बाईंचा अंगठा फोमवरून फिरत होता, थांबत होता, पुन्हा फिरत होता. डाव्या बाजूला, करवतीपासून चांगला लांब, फोम चेपून पापडाएवढा उरला होता. "करवत कापते, असं चेपत नाही," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग त्यांनी पिशवीतून भिंग काढलं आणि चेहरा माझ्या आत घातला. भेगेच्या आतल्या टोकात काहीतरी होतं. एक लांब केस. त्यांनी तो चिमटीत धरून हलकेच ओढला. निघेना. भेग उघडली आणि मिटली, तेव्हा तो तिच्यात घट्ट अडकला होता. बाईंनी भिंगरीच्या उशीवरच्या वेणीकडे पाहिलं, पुन्हा केसाकडे पाहिलं.

"भेग पडली तेव्हा हे हिच्या डोक्यावरच होतं," त्या म्हणाल्या.

आईने भिंगरीचा हात धरला. पण बाईंचं संपलं नव्हतं.

"ताई, ही चांदणीही मी लिहिणार. लपवलं नसतंत तर इथूनच हो कळवलं असतं. आता वरच्या साहेबांना पटवावं लागेल. ते काय म्हणतील, मी सांगू शकत नाही."

त्या मला पिशवीत घालून घेऊन गेल्या. मी त्यांच्या ऑफिसात एका कपाटावर पडून होतो आणि जीव टांगणीला लागला होता. तिकडे भिंगरीची सूज उतरत चालली असणार. डॉक्टर रोज विचारत असणार, मंजुरी आली का? आई काय सांगत असेल? बाई समोरच्या टेबलावर फोनवर भांडत होत्या. "चांदणी लावली म्हणून केस खोटा होतो का, साहेब? आईच्या चुकीपायी पोरीचा पाय वाकडा करायचा का?" पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. फोन ठेवला की त्या कपाळ चोळत बसायच्या. एका सकाळी मात्र त्यांनी फोन ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि "सुटलास रे बाबा," म्हणाल्या. त्या दिवसापुरतं मला रडता यायला हवं होतं.

ऑपरेशन वेळेत झालं. पट्टी नीट बसली. भिंगरी वॉकर धरून वॉर्डात फेऱ्या मारू लागली तेव्हा बाईंनी मला परत पाठवलं. भिंगरीने मला छातीशी धरलं.

"हे माझं लकी हेल्मेट! आई, मी बरी झाले ना, की हेच घालून उडी मारणार. दुसरं मला नकोच." आणि तिने मला डोक्यावर चढवून पट्टा लावला.

छे, छे, छे! अगं वेडे, माझ्यात आता काही उरलं नाही! दारात दादा उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं, पण झाल्या प्रकारानंतर बोलायची त्याची हिंमत होईना. आई माझ्याकडे बघून हसत होती. हसता हसता तिने भिंगरीच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला, मला उलटं केलं आणि बाईंनी फिरवला होता तसा अंगठा आतून फिरवला. रोज भिंगांची जाडी हाताने जोखणारी बाई ती. अंगठा डावीकडे येताच तिचं हसू मावळलं.

"सर," ती दादाला म्हणाली, "करवत कुठे आहे तुमची?"

"आई!" भिंगरी किंचाळली. "त्यानेच वाचवलं मला!"

"म्हणूनच," आई म्हणाली.

गोदामात त्यांनी मला पुन्हा शिकंज्यात लावलं. या वेळी आईने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, भिंगरी वॉकरला टेकून रडत होती, आणि दादा सावकाश करवत चालवत होता. खरं सांगतो मित्रांनो, मला दुखलं नाही. उलट कित्येक दिवसांनी हायसं वाटलं.

इतर वस्तू तुम्हाला सांगतील, आम्हाला जपा, फेकू नका. मी उलटं सांगतो. उडी मारण्याआधी आपल्या विम्यात ती उडी बसते का, हे आईबाबांना विचारा. पडलात तर काही लपवू नका, आणि करवत उचलण्याआधी कंपनीला एक फोन करा. मग मात्र माझ्यासारख्याची माया करू नका. तुमच्या वाटचा मार माझा खाऊन झालाय. मला तोडा आणि डोक्यावर नवं हेल्मेट घाला.