पाचवा फर्मा

तू नुसतं ऐक. मध्ये तोंड घालू नकोस, शंका शेवटी काढ.

एक मुलगी होती, छापखान्यात प्रुफं तपासायची. मुलगी म्हणजे तिशीची. तिचे बाबा त्याच छापखान्यात बाइंडर होते, आता घरीच असतात, हात थरथरतात. आई लवकर गेलेली, म्हणून लहानपणी शाळा सुटली की ती तिथंच, छापील कागदांच्या गठ्ठ्यावर पाय दुमडून झोपायची. अक्षरओळख व्हायच्या आधी तिला खळीचा वास ओळखता यायचा.

तर त्या छापखान्यानं चाळीस वर्षांपूर्वी एक कादंबरी छापली होती. एकच, पण अशी, की लोक वेडे झाले. नवरा-बायकोची साधी गोष्ट. बायको आजारी पडते, ऐंशीव्या पानावर मरते. समोरचं पान मात्र थेट एकोणपन्नासावं, आणि त्यावर पहिलंच वाक्य, बायको विचारते, "साखर घातलीस का रे?"

बस्स! बत्तीसाव्या पानानंतर पासष्टावं, मग मागं, मग आणखी मागं, मग एकदम पुढं. समीक्षक म्हणाले, काळाच्या चिंधड्या उडवल्या. वाचकांनी मंडळ काढलं. मध्ये उडी मारलेली बत्तीस पानं म्हणजे माणसाचे बत्तीस दात, यावर एकानं भाषण ठोकलं, आणि लोक माना डोलवत होते! दरवर्षी जमायचं, येताना रिकामा कप आणि चमचा आणायचा, आणि वाचणारा "साखर घातलीस का रे" म्हणाला की सगळ्या हॉलनं चमचे वाजवून खदाखदा हसायचं. हीच प्रथा. पुढच्या आवृत्त्याही तशाच निघाल्या, पानांच्या त्याच उलट्यापालट्या आकड्यांसकट.

आणि बाबांना त्याचा काय अभिमान! पहिल्या आवृत्तीची एक प्रत कापडात गुंडाळून फळीवर. घरी कोणी आलं की, "हे आमच्या हातचं बरं का." वाचली होती का? छे! बाइंडर कुठं वाचत बसतो, तो पानं मोजतो.

मालकांनी चाळीस वर्षांची खास आवृत्ती काढायचं ठरवलं आणि हिला बोलावलं.

"प्रस्तावना तू लिही. या तऱ्हेवाईक साहित्याची नव्या पोरांना ओळख करून द्यायची. खाली तुझं नाव."

दहा वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारल्यावर स्वतःचं नाव छापून येणार! ती हवेतच.

नव्या प्रुफाशी ताडून बघायला म्हणून तिनं पहिल्या आवृत्तीची प्रत समोर घेतली. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी, आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली कोपऱ्यात बाइंडरसाठी बारीक आकडा असतो. वाचणारा तो बघतही नाही. पण ही बाइंडरची पोर! एक, दोन, पाच, चार, तीन, सहा.

तिनं परत पहिल्यापासून बघितलं. तेच. तिसरा आणि पाचवा गठ्ठा टेबलावर एकमेकांच्या जागी लागला होता, एवढंच. बाबा टेबलाभोवती फिरून प्रत्येक गठ्ठ्यातली एकेक घडी उचलत गेले, आणि हजार प्रती तशाच शिवल्या. कसल्या काळाच्या चिंधड्या नि कसलं काय!

ती तशीच उठली आणि लेखकाकडे गेली. लेखक म्हणजे एक निवृत्त शाळामास्तर. एका खोलीत एकटे, दोन खुर्च्या, एकीवर वर्तमानपत्रांची थप्पी. काही न बोलता तिनं पानाखालच्या त्या बारीक आकड्यावर फक्त बोट ठेवलं.

मास्तरांनी चष्मा लावून आकडा बघितला.

"चाळीस वर्षं लागली कुणाला तरी," ते म्हणाले.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तेव्हाच गेलो होतो, आताच्या मालकांच्या वडिलांकडे. म्हणाले, आता फाडून परत कोण शिवणार, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची येईपर्यंत मी थोर झालो होतो." मग अगदी वर्गात धडा समजावतात तसं म्हणाले, "ती गोष्ट माझ्या बायकोची आहे, बाळ. मी तिला एकदाच मरू दिलं होतं. ही माणसं तिला दरवर्षी उठवून बसवतात आणि हसतात."

ती निघाली तेव्हा दारात म्हणाले, "एकदा नीट छाप. क्रमानं. मी असेपर्यंत."

आता बघ हं. खरं लिहिलं तर बाबांच्या चाळीस वर्षांच्या अभिमानाची माती. नाही लिहिलं तर मास्तरांचं ते तसंच. चार दिवस तिला धड जेवण गेलं नाही. बाबा विचारायचे, "काय गं, कामाचा ताण?" आणि ही "हो" म्हणून ताटात बघायची.

शेवटी लिहिलं. सगळं. गठ्ठे, आकडे, बाइंडर माझे वडील, मास्तरांची बायको, पानं क्रमानं लावा ही विनंती. बाबांना आधी सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

मालकांनी तिच्यासमोरच वाचलं आणि टेबलावर थाप मारून हसले. डोळ्यांतून पाणी!

"काय डोकं आहे गं तुझं! प्रस्तावनासुद्धा कादंबरीसारखीच बनवलीस! बाइंडरची चूक म्हणे!"

"मालक, खरं आहे हो. पानं बदलून छापा."

"हाच चेहरा! अगदी हाच चेहरा ठेवून स्टेजवर बोलायचं."

एक अक्षर न बदलता छापली. पानांचा क्रमही न बदलता.

कार्यक्रमाला हॉल भरलेला. तिसऱ्या रांगेत बाबा, इस्त्रीचा शर्ट. शेवटच्या रांगेत मास्तर, कैक वर्षांनी आलेले, कुणी तरी हातात कप दिलेला. मालकांनी प्रस्तावना मोठ्यानं वाचायला घेतली. लोक हसून हसून बेजार. बाबाही हसत होते, आपल्या लेकीचं कौतुक म्हणून.

मग गठ्ठ्यांचा भाग आला आणि बाबांचं हसू थांबलं. तिला स्टेजवरून स्पष्ट दिसलं, बाबांची बोटं मांडीवर काही तरी ठेवत होती. एक गठ्ठा. दुसरा गठ्ठा. तिसऱ्यापाशी बोटं थांबली.

मास्तर सोडले तर अख्ख्या हॉलमध्ये तो एकच माणूस होता, ज्याला ते खरं वाटलं.

पहिल्या रांगेतली एक पोरगी उठली. "मॅडम, खरं सांगा ना, हे खरंच घडलंय की बनवलंत?"

माईक हिच्या हातात. तिकडे मास्तर खुर्चीत पुढं सरकून बसलेले. इकडे बाबा मान खाली घालून.

"बनवलंय," ती म्हणाली.

चमच्यांचा असा खणखणाट झाला की विचारू नकोस. आवाज थांबला तेव्हा शेवटच्या रांगेत खुर्चीवर नुसता कप होता.

घरी बाबा दोन दिवस त्या फळीकडे पाठ करून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फळीवरची प्रत काढली, टाके उसवले, घड्या जमिनीवर मांडल्या. हात इतके थरथरत होते की सुईत दोरा तिनं ओवून दिला.

"पंखा होता गं," ते एकदम म्हणाले. "पंख्याखाली कागद उडत होते, म्हणून पाचवा गठ्ठा उचलून तिसऱ्याच्या जागी ठेवला नि तिसरा पाचव्याच्या. परत बदलायचं राहिलं." मग टाका घालता घालता, "माझ्यासाठी खोटं बोलायला नको होतंस."

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. संध्याकाळपर्यंत शिवून, खळ लावून, दाबून तयार.

"मास्तरांना दे."

"तुम्हीही चला ना, बाबा."

"कुठल्या तोंडानं येऊ?"

मास्तरांनी दार अर्धंच उघडलं. प्रत घेतली, ऐंशीवं पान काढलं, मग पुढचं. एक्याऐंशी. त्या पानावर नवरा एकटाच बसलेला असतो, चहा गार होतो. मास्तरांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि प्रत मिटून तिच्या हातात परत दिली.

"मला कशाला, बाळ? काय झालं ते मला ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही ते त्या हॉलमध्ये होते."

आणि दार लावून घेतलं.

आता मालक असल्याच साहित्याची ओळख करून देणारी बारा पुस्तकांची माला काढतायत. बाराही प्रस्तावना हिच्या. तिनं सही केली. हो, केली, नाक मुरडू नकोस. ती क्रमानं लावलेली प्रत तिच्या टेबलाच्या खणात आहे, प्रुफांच्या खाली. शनिवारी मालेच्या प्रकाशनाला पुन्हा तोच हॉल, तेच चमचे, आणि कुणी तरी उठून तोच प्रश्न विचारणार. खरं म्हणाली तर आणखी जोरात हसतील. बाबा म्हणालेत, मीही येतो.

आता विचार शंका. पण आधी मला सांग, त्या दिवशी माईक तुझ्या हातात असता, समोर तुझे बाबा आणि मागं मास्तर, तर तू काय म्हणाला असतास?