जिलबी सोवळ्यात आहे

मिल्टनच्या पार्कातल्या बाकावर सूर्यकांत आजोबांचा साप रोज संध्याकाळी वीतभर वाढायचा.

घरी तो काही वाढत नव्हता. बेसमेंटमध्ये, काचेच्या पेटीत, जेवढा होता तेवढाच होता. नारिंगी अंग, त्यावर लालचुटुक डाग, आणि स्वभावानं गरीब गाय. कॉर्न स्नेक म्हणतात त्याला. विष नाही, फणा नाही. नातीनं, ऊर्मीनं, वेटोळं पाहून नाव ठेवलं होतं जिलबी.

पण नागपूरहून कॅनडात मुलाकडे राहायला आलेल्या माणसानं चारचौघांत ‘आमच्याकडे एक जिलबी आहे’ असं सांगायचं? बाकावरचे बाकीचे म्हातारे मुलांची प्रमोशनं सांगत, नवी घरं सांगत. आजोबांकडे सांगायला साप होता. मग सापाचा नाग झाला. नागाला फणा आला. फणा सुपाएवढा झाला. जुलै संपता संपता तो आरतीला डोलायला लागला, आणि एका गुरुवारी तर त्यानं वर तूप घेऊन वरणभात खाल्ला.

खरी गंमत पेटीत होती, पण ती बाकावर कोणाला सांगणार? ऊर्मीनं पेटीत एक छोटं रानच उभं केलं होतं. खाली माती, वर ओकची वाळकी पानं, एक पोकळ ओंडका, आणि जिलबीच्या मूळ मुलखात उगवतं तेच उंच निळसर गवत. ती पानं आत घालण्याआधी ऊर्मीनं किडे मरावेत म्हणून ओव्हनमध्ये भाजून घेतली, तेव्हा तिची आई सुनेत्रा ओरडली होती, “माझ्या केकच्या ट्रेमध्ये पालापाचोळा? घर आहे का होळी?” मातीत बारीक बारीक किडे सोडले होते, ते जिलबीची घाण खाऊन साफ करत. “बिनपगारी सफाईवाले,” आजोबा म्हणायचे. उन्हाळाभर ते तिथं खुर्ची टाकून बसत. फवाऱ्यानं पाणी मारत, दिव्याखालचं तापमान बघत, आणि जिलबी गवतातून सळसळत निघाली की श्वास रोखून धरत. मुलगा-सून ऑफिसात, ऊर्मी सुट्टीतल्या नोकरीवर. दुपारी घरात जागं असायचं ते हे दोघंच.

आता ऊर्मी ग्वेल्फला हॉस्टेलवर राहून शिकायला निघाली होती. जिलबीला तिच्या मित्राकडे, नॉर्थ यॉर्कच्या राजसकडे द्यायचं जवळपास ठरलं होतं. राजसकडे आधीच साप होते, त्याला सगळं यायचं.

“मला पण येते ना,” आजोबा म्हणाले. “मी सांभाळतो.”

“आजोबा, आय नो. पण तुम्ही लोकांना नाही म्हणत नाही,” ऊर्मी म्हणाली. “कोणी आलं की तुम्ही तिला शोपीस करणार. लेट्स सी. पेटीत एक जरी हात गेला ना, शी गोज टू राजस.”

आणि नेमकं नागपंचमीच्या सकाळी दारात गाडी भरून बायका उतरल्या. पुढे उमाताई, मराठी मंडळाच्या पुढारी. हातात दुधाचा तांब्या, लाह्या, हळदकुंकू. त्यांचे यजमान बाकावरचेच.

“काका, एवढा जिवंत नाग मिल्टनमध्ये असताना आम्ही कागदावरच्या चित्राची पूजा करायची होय?”

स्वयंपाकघरात सुनेत्रा पुरणाचे दिंड उकडत होती. आज घरात चिरणं नाही, तवा नाही. तिनं सासऱ्यांकडे असं पाहिलं की त्यांनाच उकडलं.

“बाबा, हे तुम्ही बोलावलंत?”

“मी काहून बोलावू? त्याच आल्या!”

बायका जिना उतरून बेसमेंटमध्ये पोचल्यासुद्धा. पेटीपुढे ऊर्मी हाताची घडी घालून उभी. जिलबी ओंडक्यात निपचित. कात टाकायची वेळ जवळ आली होती. अंगाची चमक गेली होती, डोळ्यांवर दुधट निळी साय आली होती. अशा वेळी तिला धड दिसत नाही, हात लावला की घाबरते, कात अडकते.

ऊर्मी आजोबांकडे बघत राहिली.

आजोबांनी घसा खाकरला. “उमाताई, आज तिला बरं नाही.”

“अगं बाई! मग हळद घालून देते दूध. ” त्यांनी मागच्या मुलीकडे हात पसरला. “अगं अक्षता, ती पुडी दे.”

“नाही, नाही! तिला... तिला आता दिसत नाही.”

“आपण चमच्यानं पाजू. माझ्या सासूबाईंना शेवटी मीच पाजायचे.”

पेटीच्या झाकणापाशी उमाताईंचा हात गेला. ऊर्मीनं खिशातून फोन काढला. आजोबांना नॉर्थ यॉर्क दिसायला लागलं.

“थांबा!” ते ओरडले. “ती सोवळ्यात आहे!”

हात जागच्या जागी थांबला.

“म्हणजे?”

“म्हणजे काय? जुनं अंग उतरवून राहिली ती. नवं नेसेपर्यंत शिवायचं नाही. आपली आजी ओलेत्यानं स्वयंपाक करायची, तेव्हा शिवायची हिंमत होती कोणाची?”

बायका एकदम दोन पावलं मागं सरकल्या. एकीनं दुसरीची ओढणी आवरली. उमाताईंनी झाकणावरचा हात काढून पदराला पुसला. “मला काय माहीत हो. आधी नाही का सांगायचं?”

ऊर्मीचा फोन खाली आला. पण आत नाही गेला.

“बरं, लांबूनच दर्शन घेऊ,” उमाताई म्हणाल्या. “फणा तेवढा काढायला लावा. डोलतो ना आरतीला?” आणि त्यांनी फोनवर पुंगी लावली, आवाज मोठा केला आणि काचेवर बोटानं टकटक केली. “उठा, नागोबा!”

ओंडक्यात जिलबी दचकून आक्रसली.

आजोबांच्या डोक्यात एक झकास थाप तयार होती: कॅनडात नाग फक्त बर्फ पडल्यावर फणा काढतात. पण मग ह्या बायका बर्फ पडल्यावर येतील. आणि टकटक आत्ता चालू होती.

“बंद करा ते!” आजोबा म्हणाले. “फणा नाही तिला. कधीच नव्हता. नाग नाही ती. ती डोलत नाही, दूध पीत नाही, वरणभात खात नाही. मी थापा मारल्या. आता काच सोडा बाप्पा, तिला त्रास होते.”

पुंगी थांबली. वर कुकरची शिट्टी झाली तशी सगळ्या दचकल्या.

आजोबांनी मान खाली घातली. उद्या बाकावर कुठल्या तोंडानं जायचं?

“आमचे हे घरी येऊन सांगतात,” उमाताई सावकाश म्हणाल्या, “काकांच्या नागाला लिंबाचं लोणचं लागतं म्हणून. मी तेव्हाच म्हटलं, अहो, नागाला लोणचं कशाला?”

“लोणचं मी नव्हतं सांगितलं!” आजोबा कळवळून म्हणाले. “ते तुमच्या ह्यांनी घातलं!”

आधी अक्षता हसली, मग सगळं बेसमेंट. उमाताई हसता हसता जिन्यावर बसल्या. मग पायरीवरच हळदकुंकू वाहिलं, लाह्या ठेवल्या, लांबूनच हात जोडले. दुधाचा तांब्या सुनेत्रानं वर नेला आणि सगळ्यांना चहा झाला. जाता जाता उमाताई म्हणाल्या, “काका, उद्या बाकावर या हो. हे वाट बघतील. त्यांना एकट्याला एवढं खोटं जमत नाही.”

सगळ्या गेल्यावर ऊर्मीनं फोन लावला. “हे राजस? नो, शी इज स्टेइंग. माय आजोबा इज कीपिंग हर.” मग फोन ठेवून ती आजोबांच्या गळ्यात पडली. “सोवळं! आय ॲम सो स्टीलिंग दॅट.”

“म्हणजे मी पास?”

“ऑलमोस्ट.” तिनं बेसमेंटच्या छोट्या फ्रीजरमधून एक पुडी काढली. “कात टाकली की तिला भूक लागणार. दर आठवड्याला एक. आदल्या रात्री खालच्या फ्रिजमध्ये काढून ठेवायचा, मग कोमट पाण्यात गरम करायचा, मग तिच्यासमोर धरायचा.”

आजन्म अंड्यालासुद्धा हात न लावलेल्या सूर्यकांत आजोबांनी पुडीतून बाहेर आलेली उंदराची गुलाबी शेपटी पाहिली. मग ओंडक्यातून डोकावणारं जिलबीचं नाक पाहिलं.

“चिमटा,” त्यांनी विचारलं, “केवढा लांब मिळते गं?”