अण्णांचा क्षेत्रसंन्यास

"लखनऊ ले जाइए," डॉक्टर म्हणाले. "पित्त की नली में पत्थर अटका है. वहाँ मुँह से दूरबीन डालकर निकालते हैं, पेट नहीं काटना पड़ता. निकल गया तो बाबूजी उठकर बैठेंगे."

खाटेवर अण्णा हळद फासल्यासारखे पिवळे होऊन ग्लानीत पडले होते. शरदिनी पायथ्याशी उभी होती, एका हातात त्यांचं लघवीचं भांडं आणि दुसऱ्या हातात धुतलेलं धोतर घेऊन. शाळेतून रजा काढून गेला आठवडाभर ती वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात चटईवर झोपत होती. झोपत होती असं आपलं म्हणायचं. सलाईन संपलं की सिस्टरला शोधायचं, रक्ताची बाटली घेऊन तपासणीच्या खिडकीशी रांग लावायची, चादर बदलायची, रोग्याची कूस बदलायची, हे सगळं बरोबरच्या माणसानं करायचं असतं. अण्णांबरोबरचं माणूस ती एकटीच होती.

"लखनौला नाही न्यायचं," ती म्हणाली. डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहून तिनं भाषा बदलली. "पिताजी का क्षेत्रसंन्यास है. काशी की सीमा के बाहर नहीं जाएँगे. व्रत है."

 डॉक्टरांनी खाटेवरच्या अण्णांना हात जोडले. "फिर हम क्या कहें, बहनजी. ऐसे लोग अब कहाँ मिलते हैं. घर ले जाइए, सेवा कीजिए."

व्रत खोटं नव्हतं. अण्णा म्हणजे विश्वेश्वरशास्त्री, पाठशाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. शरदिनीची आई गेली त्या साली त्यांनी नेम घेतला होता की काशीची वेस पुन्हा ओलांडायची नाही, देह इथंच ठेवायचा. तो त्यांनी पाळलाही होता. नातवाच्या मुंजीला ते नागपूरला गेले नव्हते, सख्खी बहीण साताऱ्यात वारली तेव्हाही हलले नव्हते. भोसले घाटाच्या गल्लीत हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

पण डॉक्टरांनी लखनऊ म्हटलं तेव्हा शरदिनीला व्रत आठवलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे आली ती गाडी, परकं शहर, तिथला परका व्हरांडा आणि दर तासाला आतून येणारी हाक, "सात नंबर के साथ कौन है?" आता आणखी नाही, एवढंच तिला वाटलं, आणि तोंडातून व्रत बाहेर पडलं. ते बोलून झाल्यावर आधी बरंच वाटलं, तीन जिने चढून भरलेली बादली खाली ठेवावी तसं. लाज मागाहून आली, पण आली ती मुक्कामालाच आली.

निघायच्या आधी मृणालिनी घोषनी तिला गाठलं. ही इस्पितळातली सोशल वर्कर. मागच्या बाजूच्या एका खोलीत बसायची आणि दर गुरुवारी रोग्यांच्या घरच्यांना तिथं गोळा करायची. डॉक्टरमंडळी त्या बैठकीला चाय पार्टी म्हणून हसत, पण व्हरांड्यात बायकांसाठी नळ आणि आडोसा झाला तो हिनं भांडून भांडून करून घेतला होता.

"आपका नाम?" तिनं विचारलं.

"सात नंबर," शरदिनी सवयीनं म्हणाली आणि ओशाळली. आठवडाभरात नाव कुणी विचारलंच नव्हतं. तिनं ते सांगितलं.

"शरदिनीजी, व्रत तो बाबूजी का है. उनसे पूछा?"

"हाँ. पूछा."

"और आप? घर पर हाथ बँटाने को कोई है? देखिए, लखनऊ में मेरी जान-पहचान है. ठहरने का कमरा, उठाने-बिठाने को आदमी, सब हो जाएगा. आप अकेली नहीं जाएँगी."

ही बाई तासभर आधी का नाही भेटली, असं शरदिनीला वाटलं. मग वाटलं, तासानं काय बिघडतंय, आत्ताही सांगता येईल. पण डॉक्टरांनी हात जोडले होते. तिचा धीर झाला नाही. "व्रत है," ती पुन्हा म्हणाली.

घरी आल्यावर तिचं कौतुक सुरू झालं. धाकटा भाऊ देवदत्त नागपूरहून धावत आला, दोन दिवस राहिला आणि जाताना तिच्यापुढे वाकला. "ताई, मी असतो तर डगमगलो असतो. नेलंच असतं लखनौला. तू अण्णांचा शब्द राखलास."

शेजारच्या गंगाकाकू रोज डोकावायच्या. "तू तर कमालच केलीस शरू. आमच्याकडे सगळे नुसते इलाजाच्या मागे भागत सुटतात. असं मन घट्ट करायला पुण्याई लागते."

शरदिनी मान खाली घालून ऐकायची. लोकांना तो विनय वाटायचा.

औषधांनी अण्णांची ग्लानी थोडी उतरली, पण अंगाची खाज त्यांना बसू देईना. एका दुपारी ती त्यांची पाठ ओल्या फडक्यानं पुसत होती.

"शरू, ते डॉक्टर लखनौचं काहीतरी म्हणत होते ना?"

तिनं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. "तुमचा क्षेत्रसंन्यास आहे ना, अण्णा."

अण्णांनी मान भिंतीकडे वळवली. "हो. तेही आहेच," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

त्या रात्री शरदिनी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गंगाकाकूंना अण्णांपाशी बसवून ती रिक्षानं इस्पितळात गेली. मृणालिनीच्या खोलीत सात-आठ जण कुल्हडमधला चहा घेत बसले होते. लकवा झालेल्या बायकोवर आपण हात उगारला, असं एक म्हातारा सांगत होता आणि कुणी त्याला दटावत नव्हतं. त्याचं झाल्यावर शरदिनी उभी राहिली, वर्गात मुली उभ्या राहतात तशी.

"मैंने पूछा नहीं था," ती म्हणाली. "झूठ बोली. थक गई थी, इसलिए व्रत बोल दिया. सब मेरी तारीफ करते हैं और मैंने अपने पिताजी को..."

मृणालिनीनं तिला बसवलं, पण समजूत घातली नाही. "थकना पाप नहीं है, शरदिनीजी. लेकिन उनसे पूछना तो पड़ेगा. आज ही." आणि तिनं लखनौला फोन लावायला घेतला.

संध्याकाळी शरदिनी अण्णांच्या उशाशी बसली. तोंड फिरवून बोलायचं नाही, एवढं तिनं वाटेत ठरवलं होतं.

"अण्णा, लखनौला जायचं का? तुम्हाला तेव्हाच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. माझ्या अंगात बळ उरलं नव्हतं, म्हणून तुमचं व्रत पुढं केलं."

अण्णांनी दाराकडे पाहिलं. "लोटून घे ते."

ती दार लोटून आली.

"मला मरायचं नाही गं, शरू," ते हळू म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो. काशीतल्या मरणाचं माहात्म्य जन्मभर सांगत आलो, आणि आता भीती वाटते. लोक हसतील. कुणापाशी बोलू नकोस."

"नाही बोलणार."

"डॉक्टर बोलले तेव्हा मला ऐकू येत होतं. तुझा चेहराही दिसत होता. फार दमली होतीस तू." त्यांनी तिचं मनगट धरलं. "म्हणून मीही गप्प बसलो."

शरदिनीला रडू फुटलं. अण्णा रागावले असते तर ते तिला सोसलं असतं. ते तिच्या हातावर थोपटत राहिले, आजारी माणूस तीच असल्यासारखे.

मृणालिनीनं दोन दिवसांत सगळं जुळवलं. तिकडे खाट ठरली, इकडून बरोबर जायला माणूस ठरला, गाडीत जागा मिळाली. शरदिनीनं बॅग भरली. निघायच्या दिवशी सकाळी अण्णांना हुडहुडी भरली आणि दात वाजायला लागले. स्टेशनऐवजी त्यांना पुन्हा इस्पितळातच न्यावं लागलं.

"ज़हर खून में फैल गया है," तेच डॉक्टर म्हणाले. "अब सफर नहीं झेल पाएँगे. थोड़ा पहले ले गए होते तो..." शरदिनीकडे लक्ष गेल्यावर ते थांबले.

या खेपेला तिला व्हरांड्यात झोपावं लागलं नाही. मृणालिनी मोठ्या साहेबांपर्यंत जाऊन वाद घालून आली आणि शरदिनीला खाटेशेजारी स्टूल मिळालं. त्यामुळे अण्णा गेले तेव्हा ती जवळ होती, शेवटचं बोलले तेही तिला नीट ऐकू आलं.

तेराव्याला घर भरलं होतं. पाठशाळेतले वासुदेवभट पानावर बसता बसता म्हणाले, "शास्त्रीबुवांनी नेम तडीस नेला. काशीत देह ठेवला. आणि याचं अर्धं पुण्य शरदिनीचं, हो."

देवदत्तनं डोळे पुसले.

"शेवटी तोंडी काय होतं?" वासुदेवभटांनी विचारलं. "नाम घेत होते?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. शरदिनी वरणाचं पातेलं दोन्ही हातांत धरून पंगतीच्या टोकाला उभी होती. अण्णांनी शेवटी तिला विचारलं होतं, "लखनौला गारठा असेल. माझा स्वेटर घातलास ना बॅगेत?" ती घातला म्हणाली होती. त्यावर ते म्हणाले होते, "मग झालं. गाडी चुकवू नकोस."

खरं सांगून टाकावं आणि या पुण्यातून मोकळं व्हावं, असं तिला फार वाटलं. सांगितलं असतं तर तिची सुटका झाली असती, पण अण्णांवर लोक हसले असते.

"हो," ती म्हणाली. "नामच घेत होते."

पंगतीतून हर हर महादेव असा आवाज उठला. कडेला उभी असलेली गंगाकाकूंची सून पुढे झाली आणि शरदिनीच्या पाया पडली. तिच्यामागून आणखी दोघीजणी आल्या. पातेलं गरम होतं. तिघींचं होईपर्यंत शरदिनी ते तसंच धरून उभी राहिली. तिनं पाय मागं घेतले नाहीत.