टोपलीतलं पोर

इस्त्रीवाल्याचं पोर नऊ महिन्यांचं असताना रांगत टेबलाखाली गेलं आणि तिथे निवत ठेवलेल्या इस्त्रीवर त्यानं हात टेकला. तळहाताची जखम भरली, बापाच्या काळजातली काही भरली नाही. बायको कारखान्यात जायची, म्हणजे दिवसभर पोर दुकानातच. त्यानं कपड्यांची मोठी टोपली रिकामी केली, तळाशी चादरी अंथरल्या आणि पोराला आत बसवलं.

सुरुवातीला पोर रडलं, कड धरून उठू पाहिलं. मग गप्प झालं. गिऱ्हाइकं म्हणायची, "मूग गिळून बसलाय लेकाचा. असं गुणी पोर नशिबानं मिळतं." इस्त्रीवाल्याला बरं वाटायचं.

दोन वर्षांचं झालं तरी पोर चालेना, बोलेना. तेव्हा दोघांनी त्याला दवाखान्यात नेलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याला सतरंजीवर ठेवून पुढ्यात चेंडू ठेवला. पोर नुसतं बघत राहिलं.

"दिवसभर कुठे असतो हा?"

"टोपलीत," इस्त्रीवाला म्हणाला. "जिवापाड जपतो हो."

बाई रागावल्या नाहीत. "मूल रांगतं, पडतं, उठतं, तेव्हा नुसते पाय शिकत नाहीत, डोकंही शिकतं. बाकी तपासण्या करूच. पण आता याला खाली सोडा. किती भरून निघेल, ते मला सांगता यायचं नाही."

परतताना बायको पोराला कडेवर घेऊन पुढे चालत होती.

"बोल काहीतरी."

"काय बोलू? तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत."

त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं.

तो दुपारीच इस्त्री बंद करून उंच फळीवर ठेवू लागला. बरीच गिऱ्हाइकं तुटली. फरशीवर सोडलं की पोर भेदरून किंचाळायचं. मग तो स्वतःच त्याच्यापुढे गुडघ्यांवर रांगायचा. एके दिवशी पोर त्याच्यामागे सरकलं आणि टेबलाच्या पायावर कपाळ आपटलं. उचलायला धावलेले हात त्यानं कसेबसे आवरले. पोर रडलं, थांबलं, पुन्हा सरकलं.

वर्षभरानं ते भिंत धरून चालू लागलं. तोवर गल्लीतली त्याच्या बरोबरीची पोरं दप्तर घेऊन बालवाडीत जाऊ लागली होती.

एका संध्याकाळी बायको कामावरून आली. "आज काही बोलला?"

"नाही. दारापर्यंत गेला."

ती चपला काढता काढता थांबली. "उद्या रस्त्यावर न्या," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.