बाबांचा आवाज, ०.६ कमी

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. कलेक्टर, बेस, एमिटर.

कलेक्टर सरळ बॅटरीच्या वरच्या टोकाला. जोडला.

एमिटरपासून एक रेझिस्टर खाली, बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला. जोडला.

बेस उरला. बेसला बाबांचा आवाज द्यायचा.

बाबा समोर खाटेवर बसले आहेत. शर्टाची वरची बटणं उघडी, गळ्याला चिकटपट्टीने लावलेली एक पितळी चकती. वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात असते तसली. गळा हलला की तिच्यात इवलीशी वीज तयार होते. परवा नागपुरात त्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही; जिथून आवाज निघतो तो भागच काढावा लागेल. इतकी वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला, त्याचं हे. मी उर्वशी, त्यांची मुलगी. आयटीआय केलं, वडशात नाटक कंपन्यांचे अॅम्प्लिफायर दुरुस्त करते. तो आवाज जाण्याआधी मी धरून ठेवणार आहे.

असं ठरवलं होतं.

*

काय धरायचं, तेही ठरलेलं होतं.

बाबा म्हणजे गुणवंतराव, इकडच्या, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतले हिरो. दिवाळी ते होळी घरी नसायचे. गावोगाव नाटक, रात्रभर. कधीमधी उजाडताना घरी यायचे, चेहऱ्यावर अर्धवट पुसलेला रंग, आणि कुंपणापासूनच हाक: उर्वशे, कडी काढ.

मी जागी असायचे आणि उठायचे नाही. दुसऱ्यांदा ऐकायला मिळावं म्हणून. मग आई उठायची. नाव पोरीचं घेते अन् उठाव मले लागते, असं पुटपुटत कडी काढायची.

तेवढं एक वाक्य. बाबा आयुष्यभर जे बोलले त्यातलं हे एकच कुणी लिहून दिलेलं नव्हतं. म्हणून मी ते सांगणार नव्हते. काहीही बोला, एवढंच म्हणणार होते. आपोआप आलं पाहिजे.

*

पहिला प्रयत्न: चकती सरळ रेकॉर्डरला.

डबीत कोंडलेल्या डासासारखा आवाज आला. खर्ज सगळा गेलेला.

चूक चकतीची नाही. ती सांगते सगळं, पण अगदी अशक्त असते. रेकॉर्डर तिच्याकडे थोडा करंट मागतो आणि तेवढ्यानेच ती बसते. मोडक्या माणसाकडे काही मागू नये तसं आहे हे.

म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर.

तो चकतीकडून जवळजवळ काही घेत नाही. फक्त ऐकतो. बेसवर व्होल्टेज वाढलं की ट्रान्झिस्टर जास्त उघडतो, रेझिस्टरमधून जास्त करंट वाहतो, एमिटरही वर चढतो. फार चढला तर बेसमधलं आणि त्याच्यातलं अंतर कमी पडतं, मग ट्रान्झिस्टर थोडा मिटतो आणि एमिटर खाली येतो. अंतर ठरलेलं: सुमारे ०.६ व्होल्ट. बेस जिथे जाईल तिथे एमिटर मागोमाग जातो, तेवढा खाली राहून. व्होल्टेज वाढवत नाही. ताकद देतो, आणि ती ताकद बॅटरीची असते.

त्याचं स्वतःचं काही नसतं.

एक काळजी घ्यावी लागते. बेसला आधीच थोडं उचलून धरायचं, नाहीतर पहिल्या ०.६ च्या आतलं, म्हणजे हळू बोललेलं, तो सगळं गिळतो. दोन रेझिस्टर लावून बेस बॅटरीच्या मधोमध धरला. कोंबड्यांचा आवाज नको म्हणून पुढचं दार लोटून कडी घातली. हेडफोन लावला.

बाबा, बोला काही.

आणि आवाज आला. घोगरा, फाटका, पण खालपासून भरलेला. बाबांचा.

"प्रधानजी, आमच्या राज्यात एकही चूल विझलेली"

थांबले. डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे कपाट होतं.

*

दुसरं: "इन्स्पेक्टर, ही बेडी माझ्या हातात नाही, माझ्या"

कपाट.

तिसरं: मी म्हटलं, नाटकातलं नको, तुमचं बोला. त्यांनी मान हलवली. बराच वेळ ओठ ओले करत बसले. रेकॉर्डरवरच्या सुईने एकदाही टोक सोडलं नाही. सर्किट बिघडलं असेल म्हणून मी एमिटर तपासला. ठीक होता. बेस शांत, म्हणून एमिटरही शांत. सर्किटमध्ये चूक नव्हती.

सर्किटमध्ये चूक असती तर बरं झालं असतं.

*

झाडीपट्टीत तालमी फारशा होत नाहीत. रोज नवं गाव, कधी रोज नवं नाटक. पाठ कोण करणार? विंगेत प्रॉम्प्टर बसतो, प्रत्येक वाक्य नटाच्या आधी हळू वाचतो, नट ते उचलतो आणि शेवटच्या माणसापर्यंत फेकतो. बाबांचे प्रॉम्प्टर वारलूकाका. डाव्या विंगेत, पहिल्यापासून.

फोन केल्यावर ते सायकलवर आले. चहा घेतला, बाबांच्या गळ्यातली चकती पाहिली.

"बायकोचं मंगळसूत्र घातलं का गुणवंतभाऊ?"

बाबा हसले. आवाज न करता. मग काका मला म्हणाले की कंपनीत एकदा त्यांना जुलाब झाले होते, ते मध्येच उठून गेले, अन् हा भाऊ राजा असून राणीसमोर गप उभा राहिला. लोकांना वाटलं काय अभिनय आहे, टाळ्या पडल्या. बाबांनी हाताने खूण केली: खोटं सांगतो.

काका कपाटापुढे स्टूल टाकून बसले. बाबांच्या डाव्या खांद्यामागे. बाबांची पाठ एकदम सरळ झाली.

"सांग," काका म्हणाले. "का म्हणाचं आहे त्याले?"

मी म्हटलं, मी नाही सांगणार. बाबांनी आपल्या मनातलं म्हणावं.

"तसं नाई होत, बाई. त्याले मागून कोणी लागते."

"घरी येत होते तेव्हा कोण होतं मागून?"

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे. ते काहीतरी शोधत होते, हे दिसत होतं. डोळे छताच्या लाकडावरून फिरत होते. मी थांबले. खरंच खूप थांबले. हेडफोनमध्ये फक्त श्वास येत होता, आणि तोही ट्रान्झिस्टर इमानदारीने, थोडा कमी करून, माझ्यापर्यंत आणत होता.

मग बाबांनी हळूच मागे पाहिलं.

मला ते पाहवलं नाही. मी उठले आणि काकांच्या कानाशी वाकले.

*

मी, काकांच्या कानात:
उर्वशे, कडी काढ. मी आलो. थंडी वाजून राह्यली.

काका, बाबांच्या खांद्यामागून:
उर्वशे, कडी काढ. मी आलो.

बाबा:
"उर्वशे, कडी काढ"

०.६ कमी.

वाक्य तेच होतं. शब्द जागच्या जागी. पण कुंपणापासून आलेलं नव्हतं. छाती पुढे काढून, हनुवटी उचलून, मंडपातल्या शेवटच्या रांगेसाठी म्हटलेलं होतं. 'काढ'वर थांबून टाळीसाठी जागाही ठेवली होती. मग त्यांना खोकला आला आणि त्यानंतर गळ्यातून नुसती हवा येऊ लागली. काकांनी पाणी दिलं. बाबांनी माझ्याकडे बोट करून भुवया वर केल्या. जमलं का?

मी म्हटलं, जमलं.

त्यांना आनंद झाला. आता हा आनंद मी कुठे जोडू?

*

पुन्हा ऐकवते, म्हटलं. आणखी काय करायचं होतं? हेडफोन काढला, स्पीकर लावला, बटण दाबलं.

उर्वशे, कडी काढ.

आतल्या खोलीत आई लाखोळीची डाळ निवडत होती. आम्ही काय करतोय ते तिला माहीत होतं. सकाळपासून तिने दोनदा विचारलंही होतं की त्या चकतीने शॉक तर लागत नाही. तरी सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. ती गुडघ्यावर हात टेकत उठली, आमच्यामधून, वायर ओलांडून, कुणाकडे न बघता पुढच्या दाराशी गेली, आणि तिने कडी काढली.

दार उघडलं. बाहेर चटईवर वाळत घातलेली मोहाची फुलं, त्यांच्यात शिरलेल्या दोन कोंबड्या, ऊन.

ती कडीवर हात ठेवून उभी राहिली. कोंबड्यांना हाकललंही नाही. पाठमोरी होती, म्हणून तिचं तोंड दिसलं नाही.

बाबा तिच्याकडे पाहत होते. त्यांचं तोंड उघडलं. इथे काहीतरी म्हणायचं असतं, हे त्यांना कळलं होतं. चकती गळ्यालाच होती, बॅटरी चालू होती, बेस उचलून धरलेला होता.

त्यांनी डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्या मागे भिंत होती.